एका अक्षराचं भूत

कमलनगर, ५ मे २०२५

सुनीलकुमार,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय तुला, दिसू दे. पत्र लिहितोय कारण फोनवर तू "हां राजू, ऐकतोय" म्हणतोस आणि दुसऱ्या फोनवर बोलत असतोस. पत्राला दुसरा फोन नसतो.

कालच्या कार्यक्रमाबद्दल अभिनंदन. गावच्या मंगल कार्यालयात तू तुझा सिनेमा 'बावीतली बा' दाखवलास. मे महिन्यातला रविवार, दुपारचे बारा, कुत्री सावलीच्या तुकड्यावरून भांडत होती. आत काळोख हवा म्हणून तुझ्या माणसांनी झाडून सगळ्या खिडक्यांना ताडपत्र्या ठोकल्या. मी दारात उभा राहून बघत होतो. भर दुपारी अंधार करायचा तर केवढी माणसं लागतात.

माझी बहीण शिवकन्या गावच्या विहिरीत पडली तेव्हाही दुपारचे बाराच वाजले होते. एप्रिल १९९१. नऊ वर्षांची होती. मी पटकथेत दुपारच लिहिली होती. तू ती उचलून अमावास्येच्या रात्री नेलीस. "उन्हात भीती वाटत न्हाई रे," म्हणालास. वाटते. उन्हात विहिरीच्या काठावर कोण कोण उभं आहे ते दिसतं, म्हणून तर वाटते.

माझ्या आईवडिलांना तू पहिल्या रांगेत बसवलंस. शाल, नारळ, प्लास्टिकच्या वेष्टणातली ट्रॉफी. पंचायतीचा अध्यक्ष झाल्यापासून प्रभुलिंगला माइक दिसला की घशात खवखवतं. त्यानं जाहीर केलं, "मूळ घटनेतील कुटुंबीय." जणू आमच्या घरचं लेकरू बुडणं हा एखाद्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. तू म्हणालास, "मारोतीकाका आणि चांगुणाकाकू." लहानपणी तुमच्या आळीतलं शेंबडं पोरही माझ्या वडिलांना "ए मारोती" म्हणायचं, तूही म्हणायचास. काका व्हायला त्यांना चौऱ्याहत्तर वर्षं आणि एक सिनेमा लागला.

मग तो प्रसंग आला. पडद्यावर काळोख, पांढरी साडी, आणि विहिरीच्या तळातून बाईचा ओढून काढलेला लाडिक आवाज: बा… बा… पुण्याचा इंजिनिअर नायक भारल्यासारखा काठाकडं चालू लागतो. कानडीत बावी म्हणजे विहीर, बा म्हणजे ये. ती बोलावते, आणि जो जातो तो मरतो. पोस्टरवरही तेच छापलंस, 'ती बोलावतेय'.

आणि माझे वडील उठून उभे राहिले. काहीतरी पुटपुटले. पडद्याच्या दिशेनं दोन पावलं गेले. अंगावरची शाल खाली पडली. कार्यालय हसलं. तू माइक घेतलास आणि म्हणालास, "बघा, काका पण घाबरले. हेच भयपटाचं यश."

आज सकाळी त्या प्रसंगाचा व्हिडिओ-तुकडा तुझ्या फेसबुकच्या पानावर आहे. 'खऱ्या घटनेतला बापही हादरला.' खाली ढोल वाजवला आहेस, त्यामुळं वडील काय पुटपुटले ते ऐकू येत नाही. अकरा वाजेपर्यंत चाळीस हजार लोकांनी बघितलं होतं.

आपण नववीपर्यंत एका बाकावर बसलो, तेव्हा तुला मराठी शिकवायची वेळ यायला नको होती. तरी सांगतो. आमच्या वस्तीत बा म्हणजे बाप. बुडणारी नऊ वर्षांची पोर कुणाला लाडानं बोलावत नसते. ती बापाला हाक मारत होती.

तो तुकडा काढ. आणि वीस जूनला तुझा सिनेमा घरोघरच्या टीव्हीवर आणि फोनवर येणार आहे, कानडीतसुद्धा, त्याआधी ती हाक दुरुस्त कर. बाईचा आवाज काढून पोरीचा टाक. पडद्याच्या खाली अक्षरं येतात तिथं 'ये, ये' आहे, त्या जागी 'बाबा' लिही. एका अक्षराचं काम आहे. भुताखेतांना उठवण्यापेक्षा सोपं.

राजपाल मारोती
(संवादलेखक. तुझ्या श्रेयनामावलीत सातवा.)


गावाहून, १२ मे २०२५, बुद्धपौर्णिमा

सुनीलकुमार,

तुझा आवाजी निरोप ऐकला. एक मिनिट सात सेकंदांचा आहे. त्यातले वीस सेकंद तू कुणाला तरी "ब्लॅक कॉफी, साखर नको" असं सांगतोयस. उरलेल्यात म्हणतोस, "राजू, इतका भावनिक होऊ नको. हा भयपट हाय, डॉक्युमेंटरी न्हाई. भूत इथं रूपक हाय रे, दडपलेल्या समाजाचं."

रूपक. मी गेली तेवीस वर्षं पोरांना रूपक शिकवतो. मुख हेच कमळ. तू केलंस ते असं: बुडणारी पोर हीच हडळ, आणि काठावरून बघणारे हेच बिचारे. याला व्याकरणात रूपक म्हणत नाहीत. गावात याला साक्ष फिरवणं म्हणतात.

पुण्याच्या महोत्सवात बक्षीस घेताना तू म्हणालास की भयपटाच्या आडून तू जातिव्यवस्थेवर भाष्य केलं आहेस. आडूनच केलंस. इतकं आडून की जातिव्यवस्थेला पत्ताच लागला नाही. ती मंगल कार्यालयात पंख्याखाली बसली, टाळ्या वाजवल्या, जाताना तुझ्याबरोबर फोटोही काढला.

त्या विहिरीला दोन चाकं होती, आठवतंय ना. तुमच्या बाजूचं लोखंडी, आमच्या बाजूचं लाकडी. आमचं चाक पाडव्यापासून मोडून पडलेलं. पंचायतीकडं अर्ज गेला होता, तो अजूनही कुठंतरी जात असेल. म्हणून शिवकन्या कठड्यावर वाकून हातानंच पोहरा सोडत होती. तुमच्या चाकावर तीस हात दोर गुंडाळलेला होता. काठावर सहा माणसं होती. दोर खाली सोडला असता तर तिनं धरला असता, आणि तिनं धरला असता तर तो बाटला असता. दोर वाचला.

वेशीच्या कमानीवर जात न मानणाऱ्या बसवण्णांचं नाव तेव्हाही होतं, आजही आहे. दर वर्षी त्याला नवा रंग देतात. रंगाची आपल्या गावाला कधी कमतरता पडली नाही.

मग गावानं गोष्ट रचली. विहिरीतून बा बा असा आवाज आला, आम्हाला वाटलं जागा बाधलेली आहे, हडळ बोलावतेय, म्हणून आम्ही भ्यालो. सहाही जण सीमेपलीकडं महाराष्ट्रात, उदगीरच्या बाजारात मराठीत भाव करणारे, मराठीत शिव्या देणारे, मराठीत सोयरिकी जुळवणारे. तेवढ्या वेळापुरते सगळे एकदम मराठी विसरले. चौतीस वर्षं हा बहाणा गावात तोंडी हिंडत होता. तू त्याला प्रमाणपत्र काढून दिलंस, पार्श्वसंगीतासकट.

आता गावातलं ऐक. पोरं मोटारसायकलवरून आमच्या दारावरून जाताना वेग कमी करतात आणि "बा… बा…" करतात. तुझ्या सिनेमातला आवाज पोरांनी फोनच्या घंटीलाही लावलाय. विहिरीपाशी प्रभुलिंगनं निळी पाटी उभी केली आहे: 'बा पॉइंट. सेल्फी काढा. काठावर वाकू नका.' वाकू नका हे बरं केलं. फक्त चौतीस वर्षं उशीर झाला.

मी त्याला गाठलं. म्हटलं, "प्रभुलिंगअण्णा, ही पाटी काढ."

"कामून सर? टुरिझम हाय. कलबुर्गीहून लोकं यायलेत."

"माझी बहीण मेली तिथं."

"तेच की. म्हणून तर यायलेत."

त्याच्या तोंडावर जरासुद्धा वाईटपणा नव्हता. असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

आज आईनं खीर केली होती. वडील ताटावर बसले, बाहेरून एक गाडी गेली, ती हाक आली, आणि ते ताटावरून उठले. आई म्हणाली, "बसा. गावातली पोरं हायती." ते बसले, पण जेवले नाहीत. मग चुलीपाशी माझ्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "तुला बी वाटलं का रं, त्या दिशी कार्यालयात ते भ्याले?"

मला तसंच वाटलं होतं.

"मी बाजूला बसले होते. ते 'आलो' म्हणले. 'आलो गं, आलो.'"

हे तुझ्या ढोलाखाली आहे. ढोल काढून ऐक.

आमच्या घरात वडिलांना दादा म्हणतात हे तुला ठाऊक आहे. का म्हणतात ते तू कधी विचारलं नाहीस. ती गेली तेव्हा मी उदगीरला मामाकडं होतो. अकरा वर्षांचा. मला आणलं, मी दारातून वडिलांना हाक मारली, पूर्वी मारायचो तशी, आणि आईनं धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. चौतीस वर्षं जपून ठेवलेला शब्द तू चाळीस हजार लोकांच्या खिशात वाजायला दिलास.

वीस जून जवळ येतोय.

राजपाल


कमलनगर, २५ मे २०२५

सुनीलकुमार,

तुझा मजकूर आला. दोनच ओळी आहेत, पण नेमक्या आहेत. दिग्दर्शनापेक्षा तुला हेच जास्त जमतं. 'अंतिम प्रत गेली, आता काही बदलत नाही. आणि राजू, संवाद तुझेच आहेत. स्क्रिप्टमध्ये बा… बा… तूच लिहिलंयस.'

बरोबर आहे. मीच लिहिलंय. तुला ते आठवायला तीन आठवडे लागले याचंच नवल. मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं, म्हणून तर पहिल्या पत्रात एवढा आवाज चढला होता.

मी आईकडं गेलो आणि तिला सांगितलं, की त्या सिनेमात माझीही चूक आहे. तिनं कसली ते विचारलं नाही. पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून घडी घातलेला कागद काढून दिला. १९९१ चा, पोलिसांनी घेतलेला जबाब. पिवळा पडलेला, कानडीत. मला कानडी वाचता येतं हे तिला माहीत आहे. म्हणूनच इतकी वर्षं दाखवला नव्हता.

त्यात लिहिलं आहे, की विहिरीतून 'बा, बा' असा आवाज येत होता. तो ऐकून हजर असलेले लोक भयभीत झाले आणि जवळ जाऊ शकले नाहीत. सदर मजकूर मयत मुलीच्या वडिलांना वाचून दाखवला, तो त्यांना मान्य आहे. खाली अंगठा. मारोती.

किती वेळ मी नुसता त्या अंगठ्याकडं बघत होतो. मग उलगडलं. वडिलांना कानडी येते ती बाजारापुरती. जमादारानं घडाघडा वाचलं असणार. त्या सगळ्या सरकारी कानडीतून त्यांना एकच शब्द ओळखू आला असणार. पोर बा म्हणत होती का? व्हय, म्हणत होती. मग लाव अंगठा. कागदावर कानडी अक्षरांत बा म्हणजे ये. वडिलांच्या कानात बा म्हणजे ते स्वतः. लिहिणारा खोटं लिहीत होता, ऐकणारा खरं ऐकत होता, आणि दोघांच्या मध्ये एकच अक्षर होतं. आपल्या या सीमेवर माणसाला फसवायला दुसरा शब्दसुद्धा लागत नाही.

आता माझं.

तू स्क्रिप्ट वाचून विचारलं होतंस, "राजू, बा म्हणजे काय ते लोकांना कळंल का?" मी म्हणालो, "ज्याला कळायचं त्याला कळेल." लेखकाचा माज. एक ओळ लिहिली असती, 'पोर बापाला हाक मारते', तर हात झिजला नसता.

आणि जानेवारीत पुण्याच्या स्टुडिओत काचेपलीकडं आवाज द्यायला उभ्या असलेल्या त्या बाईनं विचारलं, "सर, हे 'ये, जवळ ये' असंच म्हणायचं ना? ओढून?" तू माझ्याकडं बघितलंस. विसरला असशील, पण बघितलं होतंस. माझ्या हातात साबुदाण्याच्या खिचडीची प्लेट होती. शाळेत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की सिनेमाला नाव येणार आहे. हेडमास्तरांनी पेढे मागितले होते. मी म्हणालो, "चालेल."

एवढंच. वडिलांचा अंगठा उठला कारण त्यांना अक्षर येत नव्हतं. माझं 'चालेल' निघालं, आणि मला तर अक्षर शिकवण्याचाच पगार मिळतो.

यामुळं तुझ्यावरचा राग निम्मा झाला, असं समजू नकोस. मी वाटणी करून बघितली, झाली नाही. तुझ्यावर आहे तेवढाच आहे. माझ्यावरचा वेगळा काढावा लागला.

तुला एक आठवण करून देतो. त्या सहा जणांत तुझे वडील बसवंतप्पा होते. ते गेले. बाकीचेही एकेक करून गेले. सहांतलं एकच माणूस आज जिवंत आहे आणि ते तुझ्या घरात राहतं. तुझ्या सिनेमात काठावरचे सहाही जण पुरुष आहेत आणि सहाही भाबडे. लिंगम्माअव्वा त्यात कुठंच नाही. आपल्या आईला तू गोष्टीतून वगळलंस ते मायेनं की भीतीनं, मला माहीत नाही. भीतीनं असेल तर तुझ्या सिनेमातली ती एकच खरी भीती.

तिला विचार, तिनं काय ऐकलं. तुला धीर होत नसेल तर मी विचारतो.

राजपाल


कमलनगर, ९ जून २०२५

सुनील,

विचारावं लागलं नाही. तुझी आई आपणहून आली.

काल रविवार, अकरा-साडेअकराचा सुमार. मी वडिलांच्या पायाला तेल लावत बसलो होतो. काठी वाजली. लिंगम्माअव्वा एकटीच आमच्या वस्तीत आली, ओट्यावर बसली, आणि धाप ओसरल्यावर आईला म्हणाली, "चांगुणा, प्यायला पानी दे गं."

आईनं तांब्या आणला. दिला. आणि म्हणाली, "नळाचं हाय. विहिरीचं नव्हं."

अव्वानं मान हलवली. तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायली. मग वडिलांकडं बघून म्हणाली, "मारोती, त्या दिशी कार्यालयात तू उठलास तवा समदे हसले. मी मागं बसले होते. मला तुझा आवाज ऐकू आला."

वडिलांनी तेल लावलेला पाय खाली घेतला.

"तुझी पोर बा म्हणून वरडायलती. मला कळलं होतं. तवाच."

मी म्हटलं, "अव्वा, गाव म्हणतं, बा म्हणजे ये."

"गाव म्हणतंय. माझं माहेर देवणीचं. मी बी माझ्या बापाला बाच म्हणायचे. बा म्हणजे बाच. मला काय मराठी येत न्हाई व्हय रं?"

आई इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. चौतीस वर्षांत तिनं हा प्रश्न गावात कुणाला विचारला नव्हता. काल विचारला. "मग दोर कामून न्हाई सोडलास?"

"मी हात लावला होता दोराला," अव्वा म्हणाली. "ह्यांनी डोळे वटारले. म्हणले, तुझं पानी भरलंय न्हवं, घरला चल. मी घागर उचलली. घरला गेले. सुनीलला ताप होता, त्याला पानी पाजलं, कपाळावर पट्टी ठेवली. ऱ्हावलं न्हाई म्हणून परत आले. तवाबी हाक येतच होती."

"जाऊन यायला किती वेळ लागला?" मी विचारलं. मला हे विचारायला नको होतं.

तिनं विचार केला. "दूध तापून उतू जाईल एवढा."

सुनील, हा प्रसंग तुझ्या सिनेमात नाही. एक बाई भरलेली घागर कमरेवर घेऊन घरी जाते, आजारी पोराला पाणी पाजते, परत येते, आणि हाक अजून चालू असते. लख्ख ऊन आहे. पांढरी साडी नाही, मांत्रिक नाही. कुणी कुणाचा गळा धरत नाही. यापेक्षा भयंकर काही सुचलं तर कळव, तुझी तिकिटं मी विकतो. ते पाणी तू प्यालास. दोष देत नाही, तू दहा वर्षांचा होतास. आता चव्वेचाळीसचा आहेस.

मी फोन काढला, तिचं बोलणं रेकॉर्ड करावं म्हणून. तिनं तो हातानं बाजूला केला. "फोनमदी नको. फोनमदी ढोल वाजवत्यात. रंग हाय का घरात?"

पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा होता, गेल्या वर्षी दारं रंगवल्यावर उरलेला. मी डबा घेतला, ब्रश घेतला. पुढं तिची काठी, मागं मी, माझ्या मागं आई. वडील आले नाहीत. आम्ही विहिरीपाशी पोचलो तेव्हा बारा वाजले असतील. पाटीच्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा झाली होती. फोटो काढायला आलेली चार-पाच पोरं आपोआप बाजूला झाली. ती सांगत गेली आणि मी 'बा पॉइंट'च्या खाली लिहीत गेलो, आधी मराठीत:

शिवकन्या मारोती, वय नऊ. एप्रिल १९९१, दुपारी बारा वाजता या विहिरीत पडली. ती बापाला हाक मारत होती. सहा जणांनी ऐकली. दोर होता. त्या सहांतली मी एक. लिंगम्मा बसवंतप्पा.

मग कानडीत. बापाच्या जागी काय लिहू, असं मी विचारलं.

"तंदे लिही," ती म्हणाली. तंदे म्हणजे कानडीतला बाप, तुला सांगायला नको. "बा लिहू नगंस. लोकं पुन्हा यायला लागतील."

विनोद तिनं ठरवून केला का, मला कळलं नाही. आई हसली. मी तिला त्या विहिरीपाशी हसताना पहिल्यांदा बघितलं, आणि ते हसू काही बरं नव्हतं.

तेवढ्यात प्रभुलिंग स्कूटरवरून आला. "अव्वा, हे काय चालवलंस? सरकारी पाटी हाय ती."

"सरकार तू हायस व्हय रं? तुझा आज्जा बी हुता काठावर. त्याचं नाव घालू?"

तो थांबला. पाटीवरचं वाचलं. ओठ हलवत, दोन्ही भाषांत. मग त्यानं माझ्या हातातून रंगाचा डबा घेतला आणि मी संपवेपर्यंत धरून उभा राहिला. पश्चात्ताप झाला असं मी म्हणत नाही. अव्वा बसवंतप्पांची बायको आहे, तिच्यापुढं त्याचं काय चालणार. पण डबा धरला. गावात सध्या एवढ्यावरच समाधान मानावं लागतं.

तिला सही येते. तरी तिनं रंगात अंगठा बुडवला आणि नावापुढं उठवला. म्हणाली, "मारोतीचा लावून घेतला न्हवं त्या कागदावर. माझा हितं असू दे." जमादारानं तो जबाब तुमच्याच ओसरीवर वाचला, तेव्हा ती दारामागं उभी होती. कानडी तिला येत होतीच.

फोटो पत्रासोबत आहे. भर दुपारचा. सिनेमाच्या शेवटी टाक. प्रत गेली असेल तर परत मागव. बक्षीस घ्यायला पुण्यात स्टेजवर चढलास तसा त्या कंपनीच्या जिन्यावरही चढ. जमत नसेल तर राहू दे. पाटी तिथंच आहे, वर 'सेल्फी काढा' असं सरकारनंच लिहिलं आहे, आणि कलबुर्गीहून लोक यायलेत. तुझ्या जाहिरातीवरच ती गावोगाव जाईल. सातव्या क्रमांकावरचं माझं नाव काढून टाक. किंवा ठेव, आणि पुढं लिही, यानं 'चालेल' म्हटलं होतं.

तुझी आई संध्याकाळी तुला फोन करणार होती. उचलला असशील अशी आशा आहे. दुसऱ्या फोनवर बोलत नसशील अशीही.

आम्ही विहिरीवरून परत आलो तेव्हा वडील ओट्यावर तसेच बसले होते. आईनं त्यांना पाटीवर काय लिहिलं ते सांगितलं. मराठीतलं सांगितलं, कानडीतलंही सांगितलं, कुठला शब्द घातला तेसुद्धा. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बरं."

चारच्या जीपला मी निघालो. चपला घातल्या, दारातून वळलो, आणि म्हणालो, "बा, येतो."

आईचा हात उचलला गेला, पण माझ्या तोंडापर्यंत आला नाही.

त्यांनी आधी विहिरीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

राजपाल